घोडीवरचा चिमटा

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आवाज दाबणं हे माझं काम, आणि मीच तोंड उघडलं तर कसं व्हायचं? पण आता गुपित फुटलंच आहे, म्हणून बोलतोय. मी एक चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा, लाकडी, साधा.

आम्ही सगळी भावंडं एकाच पुठ्ठ्यावर अडकून या घरात आलो आणि बाल्कनीतल्या दोरीवर कामाला लागलो. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा पायमोजे. उन्हाने रंग उडाला, पण स्प्रिंग अजून ताठ आहे.

घरात आई आणि दोन मुली. थोरली अखंड बोलते. धाकटी इतकी अबोल की पाहुणे आले की बाल्कनीत येऊन बसते. ती खालच्या मजल्यावरच्या सरांकडे व्हायोलिन शिकते. सर कडक. "ज्याला सुरावरून घसरायचंय त्याने बागेतल्या घसरगुंडीवर जावं, माझ्या क्लासात नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका मुलीला त्यांनी खरोखरच घरी पाठवलं होतं.

एका दुपारी धाकटी थोरलीच्या फोनवर व्हायोलिनच्या परीक्षेचा धडा ऐकत होती. तो संपला आणि पुढचं आपोआप सुरू झालं. एक म्हातारी बाई खुर्चीत बसून व्हायोलिनवर ब्लूज वाजवत होती. शेजारणीला गाऱ्हाणं सांगावं आणि मध्येच स्वतःलाच हसू यावं, तसा सूर वाकवत खाली आणत होती. धाकटी सरसावून बसली. मग एक जॅझवाला निघाला, ड्रमवाल्याची फिरकी घेत वाजवणारा. त्याच्यामागून एक रॉकवाली. केस तोंडावर, व्हायोलिनला वायर जोडलेली. तिने असा काही गज ओढला की मी धरलेला पायमोजा थरथरला.

"ताई, हे व्हायोलिनच आहे?"

"मग काय, पिपाणी आहे?"

"पण असं चालतं?"

"त्यांनी कुणाला विचारलेलं दिसत नाही," थोरली म्हणाली.

त्या दिवसापासून धाकटीला दुसरं काही सुचेना. पण वाजवणार कुठे? बरोबर सरांच्या डोक्यावर! त्यांनी ऐकलं असतं तर क्लास बंद, आणि क्लास तर तिचा जीव की प्राण. तिला दोन्ही हवं होतं. तिने तारांवर रुमाल टाकून पाहिला, सगळंच गुदमरलं. मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला घोडीवर, म्हणजे तारा पेलणाऱ्या त्या लाकडी पट्टीवर, लावलं. आवाज एकदम डासाएवढा झाला.

मग ते रोजचंच झालं. आधी परीक्षेचा धडा, खणखणीत, सरांना ऐकू जाईल असा. मग मी घोडीवर चढायचो आणि ती म्हातारीचा तो सूर शोधत बसायची. कधी सापडायचा, बऱ्याचदा नाही. माझे दात झिणझिणायचे. पण खाली कुणाला पत्ता नाही, याचा मला केवढा अभिमान!

मग आईने चादरी धुतल्या. चादरींना चिमटे जास्त लागतात. मी वाऱ्यात लटकलेलो आणि धाकटी घरभर मला शोधतेय. सरांची फिरायला जायची वेळ होती. खालचं दार वाजलं, तसं तिने माझ्याविनाच सुरू केलं. दार वाजलं होतं ते औषध देऊन जाणाऱ्या माणसामुळे. सर सर्दीने घरीच होते.

तो सूर पहिल्यांदाच मोकळा निघाला. समोरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. आणि आमची बेल वाजली.

दारात सर, गळ्याला मफलर. आई गडबडली. "सर, त्रास झाला का? तिला बंद करायला सांगते."

"ते रोज चूं चूं व्हायचं, ते हेच का गं?"

धाकटीने मान हलवली.

"मला वाटलं तुमचा नळ गळतोय! दोनदा प्लंबर बोलावला मी. त्याने माझा चांगला पाइप बदलला!"

थोरली हसू दाबत आत पळाली. धाकटीचे डोळे भरले. "सर, मला काढणार क्लासातून?"

सरांनी नाक पुसलं. "मला हे आवडलेलं नाही," ते म्हणाले. "पण चुकीचं वाजवलेलं मला त्याहून आवडत नाही. तू घसरतेयस. आधी सूर सरळ उभा कर, मग वाकव. उद्या क्लास झाल्यावर थांब."

"चिमटा आणू, सर?"

"कसला चिमटा?"

तिने दोरीकडे बोट दाखवलं.

"घोडीवर? माझ्या विद्यार्थिनीच्या घोडीवर पायमोज्याचा चिमटा?" सरांचा बसलेला आवाज तेवढ्यापुरता सुटला.

तेव्हापासून मी दोरीवरच आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तुम्हाला एकच विनंती. घरात एखादा चिमटा कमी पडला तर लगेच आरडाओरडा करू नका. बिचारा कुठेतरी कामात असेल.

आत्ता खालून तिचा आवाज येतोय. घोडीवर बसून मला नुसती थरथर कळायची, तिचा सूर असा लांबून मी कधी ऐकलाच नव्हता. बघा, तिने तो सरळ उभा केलाय. सर काहीतरी म्हणाले. आता ती तो...

"अगं, वारा सुटलाय, चिमटे दे पटकन!" आई थोरलीला ओरडली.

थोरलीचा हात आलाच, आता माझ्या तोंडात पायमोजा कोंबणार. एक मिनिट हो आई, एवढा सूर खाली उतरू द्या, तो आता अगदी