शनिवारच्या गोळ्या

"वजन किती उतरलं ते विचारू नका. उलटी किती वेळा झाली ते विचारा."

नागपूरच्या दवाखान्यातून वृषालीताईला सुट्टी मिळाली तेव्हा आहार सांगणाऱ्या मॅडमनं हे मला बजावलं होतं. मलाच, कारण घरात बीएस्सी झालेली मी. मी हो हो म्हटलं. एका हातात फाइल होती, कडेवर माझी लेक हिमानी, तिचा एक बूट सापडत नव्हता, आणि गाडीवाला खालून हॉर्न देत होता.

ताई माझी मोठी बहीण, सौंसरला दिलेली. एकशे एकवीस किलो, साखर वाढलेली, गुडघे गेलेले. जठराचा मोठा भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवायची, असं ते ऑपरेशन. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, शिवण माझी, सवयी तुमच्या.

तिच्या सासूबाईंनी, पंचफुलाबाईंनी, जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला होता: सारं सुखरूप झालं तर सून शनिवार धरील. ताईनं धरला. भूक लागतच नव्हती, तर उपवासाचं काय मोठं. पण उपवासाला प्रोटीनची पावडर चालत नाही. आणि व्हिटॅमिनच्या कॅप्सूलचं वरचं कवच कशाचं असते कोणास ठाऊक, म्हणून त्या दिवशी गोळ्याही नाही. शनिवारामागून सोमवार आला, मग गुरुवार. मधल्या दिवशीच्या गोळ्या आपोआपच राहू लागल्या. महिन्याच्या तपासणीच्या वेळी संत्र्याची तोड चालू होती. माल झाला की जाऊ, असं ठरलं, आणि मग कोणीच गेलं नाही.

मी पांढुर्ण्याहून रोज फोन करायचे. विचारायचे एकच, किती झालं? ती आकडा सांगायची, मी खूश व्हायचे. इकडे हिमानीनं अर्धी पोळी कमी खाल्ली तर मी वहीत लिहून ठेवत होते. शी झाली की नाही, कशी झाली, तेसुद्धा.

अडीच महिन्यांत ताई सव्वीस किलोंनी उतरली. श्रीधर भाऊजी सांगत सुटले होते की एका ब्लाउजात आता दोन निघून राहिले, नवा शिंपी लागत नाही. बाया बघायला यायच्या. ताईची चुलत नणंद, लोधीखेड्याच्या कुसुमताई, दोनदा येऊन गेल्या. त्याही भरलेल्या अंगाच्या. दुसऱ्या वेळी डॉक्टरांचा नंबर घेऊन गेल्या. सासूबाई सगळ्यांना शनिवारचं महत्त्व सांगायच्या.

चैत्रात आम्ही जामसांवलीला गेलो. दर्शन करून ऑटोकडे येताना ताई माझ्या पुढं होती. चालताना तिच्या डाव्या पायातली चप्पल निघाली. ती थांबली नाही. तापलेल्या डांबरावर अनवाणी पाय टाकत दहा-बारा पावलं गेली. मी चप्पल उचलून तिच्यामागे पळाले.

"ताई, चप्पल."

"पायात आहे न," ती म्हणाली, आणि खाली पाहिलं. स्वतःच्या पायाकडे तिनं असं पाहिलं जसं ते दुसऱ्याचंच काही असावं.

ऑटोत बसल्यावर मी तिचा तळवा दाबला. तिला कळलं नाही. नखानं खरवडलं. तरी नाही.

"पंधरा दिवस झाले, मुंग्या येऊन राहिल्या," ती म्हणाली. "बारीक होऊन राहिली तर होत असेल असं."

"आणि उलटी?"

"रोजच होते. साबुदाणा तर हमखास अडकते."

"मला सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं कुठं?"

मी ऑटोतूनच दवाखान्याला फोन लावला.

दुसऱ्याच दिवशी नागपूर. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि बाहेर येऊन काही लपवलं नाही. नळी वळणावर आवळली होती. तो भाग माझा, ते म्हणाले, फुगा घालून सैल करता येतो. पण रोजची उलटी आणि बंद गोळ्या, त्यात अंगातलं बी-वन व्हिटॅमिन संपलं आणि पायांच्या नसांना मार बसला. पहिल्या आठवड्यात कळवलं असतं तर इंजेक्शनांवर भागलं असतं. आता किती परत येईल ते सांगता येत नाही.

घरी पंचफुलाबाईंनी सारं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "देवानं गोळ्या सोडायला थोडीच सांगितलं होतं, बाई." आता शनिवारी त्याच गोळ्या देवापुढं ठेवतात, आणि स्वतः सुनेच्या हातावर देतात.

याला चार महिने झाले. उलट्या थांबल्या आहेत. उजवा पाय बराच जागा झाला. डाव्याला अजून जमीन कळत नाही, ताई भिंत धरून चालते, चप्पल पट्ट्याची घालते. वजन चौऱ्याऐंशी. लोक अजून येतात आणि म्हणतात, काय छान बारीक झाल्या.

कुसुमताईंचं ऑपरेशन जूनमध्ये झालं, त्याच दवाखान्यात. मी आठवडाभरापासून त्यांना फोन लावून राहिले. परवा त्यांच्या सुनेनं उचलला. एकोणीस किलो उतरलं म्हणाली, एकदम आनंदात. मी उलटीचं विचारलं तर म्हणाली, आत्याबाई झोपल्या आहेत, आजकाल झोपूनच असतात, आणि फोन ठेवला. नंतर लागलाच नाही. भाऊजी ताईला घेऊन मालिशवाल्या बाईकडे गेले आहेत, हिमानीला तीन दिवसांपासून ताप आहे, मला घर सोडता येत नाही.

तुम्ही लोधीखेड्याचे असाल, किंवा आज-उद्या तिकडून जाणार असाल, तर कुसुमताईंकडे जाऊन या. शाळेच्या मागची गल्ली, निळं फाटक. वजन विचारू नका. त्यांना उठवा, अंगणात चार पावलं चालायला सांगा, आणि चप्पल पायात राहते का, तेवढं पाहून मला कळवा.