दुपारच्या गाठी

आकडीचं टोक गाठीत घालून तिनं हलकेच ओढलं आणि सकाळची ओळ सुटली. ही आकडी खरं तर दातांतली कीड चाचपायची; तिच्या दवाखान्यात तसल्या ढीगभर होत्या, एक घरी आली तर कुणी विचारत नव्हतं. सुटलेला दोरा तिनं ओठांत धरला, दिवा जवळ ओढला आणि चिमट्यानं पहिला वेढा घातला. शेजारच्या खोलीत सासरे झोपले होते. लोटलेल्या दारातून त्यांचं घोरणं संथपणे ऐकू येत होतं.

सकाळचे पेशंट संपवून ती जेवायला घरी यायची आणि संध्याकाळचे सुरू व्हायच्या आत परत जायची. मधला वेळ तिनं जरा आडवं होण्यासाठी होता, निदान सगळ्या जगाचा तसा समज होता. नवऱ्याचाही. दुपारची झोप होऊनही हिचे डोळे असे ओढलेले का, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. त्यानं तिला रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं आणि रक्तात काहीही निघालं नव्हतं.

जहाज जेवणाच्या टेबलावर होतं. ते तिथे आल्यापासून घर ताटं मांडीवर घेऊन जेवत होतं आणि आता त्याची सवयही झाली होती. सासऱ्यांचं उभं आयुष्य गोदीत नकाशे काढण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, शेजाऱ्यांशी भांडतात. यांनी तीन डोलकाठ्यांचं एक जहाज मनावर घेतलं. ते याच बंदरातून निघालं होतं आणि परत आलं नव्हतं, त्याला दीडशे वर्षं उलटून गेली होती. बंदरावरच्या संग्रहालयाला त्याची प्रतिकृती हवी होती. सासऱ्यांची अट एकच होती. निघाल्या दिवशी जहाज जसं होतं तसंच ते करणार. उगाच शोभेसाठी एक खिळा जास्त नाही आणि आळसापायी एक दोर कमी नाही.

ही अट ते कशी पाळतात हे घरानं पाहिलं होतं. पुढच्या डोलकाठीचे सगळे दोर चढवून झाल्यावर त्यांना कुठल्याशा जुन्या पुस्तकात सापडलं, की तसल्या दोरांचा पीळ डावीकडे असायचा. यांनी तो उजवीकडे भरला होता. भिंगाशिवाय फरक दिसत नव्हता.

"बाबा, कुणाला कळणार आहे?" नवरा म्हणाला होता.

"मला," ते म्हणाले आणि त्यांनी कात्री घेतली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली होती. परतताना ते म्हणाले, "जहाज होईस्तोवर टिकला की पुरे. पुढे त्याला काय नाचायचं ते नाचू दे." त्या दिवसापासून तो हात खिशात गेला. खिसा नसलेले सदरे त्यांनी बाद केले. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही, हे न सांगताच ठरून गेलं.

तेव्हा मधल्या डोलकाठीचं काम चाललं होतं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर असतात आणि त्यांवर खालपासून वरपर्यंत आडवे दोर बांधलेले असतात. त्याचीच शिडी करून खलाशी वर चढतात. आडवा दोर जिथे जिथे उभ्याला भेटतो तिथे एक गाठ, दोन वेढ्यांची. सबंध सकाळ खपून सासरे एखादी ओळ बांधत. एका दुपारी ती पाणी प्यायला आली आणि दिव्याखालची ओळ तिला दिसली. गाठी सैल, वाकड्या, एकीवर तर गोंदाचा थेंब थापलेला. या माणसानं गोंद लावावा! तिला गलबलून आलं. दातांच्या मुळांत केसाएवढ्या सुया फिरवणारी तिची बोटं. तिनं बसल्या बसल्या ती ओळ सोडून पुन्हा बांधली.

रात्री ती परतली तेव्हा सासऱ्यांनी भिंग लावून ती ओळ पाहिली. बराच वेळ पाहिली.

"सकाळी वाटलं त्यापेक्षा बरं जमलंय की," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा असा उजळला होता, की त्या चेहऱ्यापायी ती अडकली ती अडकलीच.

त्यात ती डावखुरी. डाव्या हातानं घातलेली गाठ उलट्या अंगानं बसते, म्हणून तिनं त्यांच्यासारखी उजव्या हातानं गाठ मारायला शिकून घेतलं. पण डोळे मिटायला लागले की डावा हात आपला आपण पुढे सरसावायचा आणि दोन-चार गाठी उरकूनही टाकायचा. दिसल्या तेवढ्या ती सुधारायची. आता मान धरत होती, रात्री बोटं वळायची आणि सकाळी ब्रश धरतानाही दुखायची.

मग दवाखान्यात ते घडलं. एका बाईंचा जबडा बधिर करून तिनं यंत्र सुरू केलं आणि वरच्या चांगल्या दातावर नेलं. टेकायचंच बाकी होतं.

"मॅडम, खालचा ना?" मदतनीस बाई हळूच म्हणाल्या.

खालचाच होता. काम संपवून ती किती तरी वेळ नुसते हात धूत राहिली. इतकी वर्षं काम करून आज पहिल्यांदा तिला स्वतःच्या हातांची भीती वाटली. आज घरी जाऊन सांगून टाकायचं, तिनं ठरवलं. बाबा, त्या गाठी माझ्या आहेत आणि आता माझ्याच्यानं होत नाही.

घरी सासरे डाव्या हातानं एक चित्र धरून बसले होते.

"ये, बघ. खालचं संपत आलं. आता डोलकाठ्यांवर वरच्या काठ्या चढवायच्या. तिथला दोरा याच्या निम्म्यानं बारीक."

"छान," ती म्हणाली आणि चपला काढायच्या राहूनच गेल्या.

वरच्या काठ्या म्हणजे अजून वर्षभर तरी. न्हाणीघरात जाऊन तिनं नळ सोडला आणि थोडी रडून घेतली.

तिच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी संग्रहालयाच्या बाई काम पाहायला येणार होत्या. नवरा कामावर होता. बाई तरुण होत्या, नेटक्या होत्या आणि स्वतःचं भिंग घेऊन आल्या होत्या. सासरे उजवा हात खिशात घालून त्यांच्या शेजारी उभे राहिले. बाई टेबलाभोवती फिरल्या, वाकल्या, मधल्या डोलकाठीपाशी थांबल्या. ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती.

"काका, एक विचारू? या ओळीत दोन गाठी उलट्या बसल्यात. आणि इथे वर अजून एक."

तिनं ट्रे पटकन खाली ठेवला. आता ते वाकणार, बघणार आणि त्यांना सगळं कळणार.

सासरे वाकले नाहीत.

"आहेत खऱ्या," ते म्हणाले. "माहीत आहेत मला. इतके खलाशी जहाजावर, त्यांत एखादा डावखुरा निघणारच की."

बाई हसल्या. तिला हसता आलं नाही. ती सासऱ्यांकडे बघत होती आणि ते मुद्दाम बाईंकडे बघत होते.

"मग वरच्या काठ्या कधी चढवताय?" बाईंनी विचारलं.

"चढवायच्या नाहीत."

"म्हणजे?"

"तुमच्या जिन्यात एक चित्र आहे बघा. शेवटच्या सफरीआधीच्या हिवाळ्यातलं. जहाज धक्क्याला बांधलंय, वरच्या काठ्या उतरवून गोदामात ठेवल्यात, खालचे दोर तेवढे तसेच आहेत. मी त्या हिवाळ्यातलं जहाज केलंय असं लिहा. मागच्या डोलकाठीवर दोन ओळी राहिल्यात, त्या चित्रातही नाहीत. म्हणजे आज ते पुरं झालं."

"पण काका," बाई गोंधळल्या, "मी ते चित्र दाखवलं तेव्हा तुम्ही माझ्यावर रागावला होतात. बांधून ठेवलेलं जहाज काय बघायचं, असं म्हणालात. निघाल्या दिवसाचंच हवं हा हट्ट तुमचाच होता."

"होता."

"मग आता काय झालं?"

सासऱ्यांनी खिशातून हात काढला आणि टेबलावर, दिव्याच्या उजेडात ठेवला. तो थरथरत होता. तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त. बोटांखाली लाकडाचा बारीक खडखड आवाज येत होता.

"हे झालं," ते म्हणाले. "याच्यानं होत नाही आता. वरचं काम झेपायचं नाही मला."

बाईंचा चेहरा पडला. त्या घाईघाईनं म्हणाल्या, की तुम्ही केलंत तेच केवढं आहे, हिवाळ्यातलं जहाज तर अगदी छान, चित्राशेजारीच मांडू. सासरे मान हलवत ऐकत राहिले. हात त्यांनी उचलला नाही. कुणी कीव करावी हे ज्यांना आयुष्यात कधी खपलं नाही, ते आज बाईंची कीव निमूटपणे घेत होते, आणि ते पाहणं तिला जड गेलं.

बाईंना पोचवून ती फाटकापर्यंत जाऊन आली. आत सासरे टेबलावरचे चिमटे, दोऱ्याची रिळं, गोंद असं एकेक डब्यात भरत होते. थरथरत्या हातानं एक रीळ निसटलं आणि घरंगळत तिच्या पायाशी आलं. तिनं ते उचललं.

"बाबा," ती म्हणाली आणि तिनं रीळ पुढे केलं.

त्यांनी रीळ तिच्या हातातून घेतलं, डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

"उद्यापासून दुपारची झोपत जा," ते म्हणाले. "मीही झोपेन म्हणतो. रोज खोटं खोटं घोरून घसा बसलाय माझा."