हातबोशी

गाडी जॅकवर चढली, तिची चारही चाकं निघाली आणि त्यानंतर तो माणूस दुकानात आला. हेच उलट झालं असतं तर शेबानं लेकीला, याएलला, कडेवर घेतलं असतं आणि सोमवारी येते म्हणून सांगून सरळ निघून गेली असती. आता काचेपलीकडे तिची निळी गाडी अधांतरी होती. बाहेर ट्रॉय नावाच्या त्या परदेशी शहरातल्या रुंद रस्त्यावर भुरभुर बर्फ पडत होता. शुक्रवारची दुपार कलत चालली होती आणि अंधाराच्या आत घरी पोचून दिवे लावायचे होते.

माणूस पन्नाशीचा, अंगात शिकारीचं हिरवं-तपकिरी जाकीट. अपॉइंटमेंट नाही, थांबावं लागेल, असं काउंटरवरच्या बाईनं सांगितल्यावर तो तिच्याशी जरा भांडला. मग कॉफीचा कप भरून घेऊन वळला. त्याची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावर जाऊन थांबली.

शेबानंही त्या म्हाताऱ्याला आल्याआल्या हेरलं होतं. हेरायची तिला आता सवयच लागली होती. कुठेही शिरलं की आधी दारं बघायची, मग माणसं. इथे दारं दोन, एक पार्किंगकडे आणि एक आत टायर बदलतात तिकडे. माणसं मोजकी. म्हातारा पेपर वाचत बसलेला, आणि त्याच्या पांढऱ्या केसांवर काळ्या मखमलीचा किप्पा, ज्यू पुरुष घालतात ती तळहाताएवढी गोल टोपी. तसाच किप्पा तिच्या नवऱ्याच्या, निस्सीमच्या, डोक्यावर शुक्रवारी संध्याकाळी असायचा. पण फक्त घरात. बाहेर पडताना तो खिशात जायचा.

"काय गं, कसल्या तंद्रीत आहेस?" शुभाकाकूंनी विचारलं.

काकू म्हणजे निस्सीमच्या ऑफिसमधल्या परीक्षितची आई. लेकाकडे पुण्याहून आलेल्या, राहायला शेबाच्याच इमारतीत. दिवसभर घरात बसून त्यांचा जीव आंबायचा, म्हणून शेबा कुठेही निघाली की त्या तयार. आज टायरच्या दुकानातसुद्धा. पंजाबी ड्रेसवर परीक्षितचं जुनं जाकीट, पायात स्पोर्ट्‌स शूज आणि डोक्यावर खाकी कानटोपी. ती त्या घरातही काढत नसत.

"याएल, हे घे बिस्कीट."

"नको काकू, मग ती जेवायची नाही."

"घे गं राणी एक. तुझी आई म्हणजे नुसती हिटलर आहे हिटलर!" काकू आपल्याच बोलण्यावर खळखळून हसल्या.

शेबानं ओठ ताणून हसल्यासारखं केलं. काकू सुनेलाही हेच म्हणत, पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही हेच. त्यांना माहीतच नव्हतं. मुद्दाम असं लपवलेलं नव्हतं. निदान सुरुवातीला तरी नव्हतं. पहिल्या भेटीत काकूंनी विचारलं होतं, "झिराडकर म्हणजे अलिबागकडचे ना गं? मासे खाणारे?" शेबा हो म्हणाली. त्यात खोटं काय होतं? 'निस्सीम, वा, काय छान संस्कृत नाव ठेवलंय' म्हणाल्या, तेव्हाही ती गप्प राहिली. दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली मेझुझाची लाकडी डबी तर काकूंनी उदबत्तीचं घर ठरवून टाकली होती. "पण राख कुठे पडते गं?" असंही एकदा विचारून झालं होतं.

शेबाच्या आजीच्या अलिबागजवळच्या गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवारतेली. त्या नावानं कुणी हाक मारली तर आजी खुशाल ओ द्यायची. लपायचं असतं हे तिथे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. ते शेबा इथे येऊन शिकली. सिनेगॉगच्या दारातला बंदूकवाला पोलीस रोज बघून शिकली. तिथल्या बालवाडीत पोरीला सोडताना चालत्या ट्रकमधून कुणी काहीतरी ओरडलं, त्या दिवसापासून तर पक्कंच शिकली. याएलच्या गळ्यातली सहा टोकांची चांदणी डब्यात गेली. बाहेर कोणकोणते शब्द बोलायचे नाहीत, त्यात रोज एकेका शब्दाची भर पडत गेली.

"यांचं बरं असतं," समोर बसत तो जाकीटवाला इंग्लिशमध्ये, कुणालाच उद्देशून नाही असं, मोठ्यानं म्हणाला. "यांना कधी थांबावं लागत नाही."

म्हाताऱ्यानं पेपरचं पान उलटलं.

"तुलाच म्हणतोय, टोपीवाल्या. हे दुकानपण तुमच्याच लोकांचं का? का नुसत्या बँकाच?"

म्हाताऱ्यानं पेपरची घडी घातली. मग त्यानं एकदाच पार्किंगच्या दाराकडे बघितलं. शेबानं ते हेरलं. यानंही आल्याआल्या दारं बघून ठेवली होती. काउंटरवरची बाई एकाएकी कीबोर्डमध्ये फारच गुंतली.

मग तो माणूस शेबाकडे वळला. चेहऱ्यावर शेजाऱ्यासारखं हसू. "तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही हं. तुम्ही इंडियन लोक कष्टाचं खाता. माझा डॉक्टर इंडियन आहे, देवमाणूस. पण हे..." त्यानं अंगठ्यानं कोपरा दाखवला. "हे काय काय करतात माहितीये ना तुम्हाला?"

शेबाची मान हलली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही. पण हलली, आणि म्हाताऱ्यानं ती हललेली पाहिली.

"काय म्हणतोय गं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. फार वेळ लागतोय म्हणतोय."

"मग त्याला म्हणावं बिस्कीट खा."

अशा वेळी मराठी म्हणजे पांघरूण होतं. त्याच्याआड काहीही बोलता यायचं. फक्त याएल त्या पांघरुणात मावत नसे. तिला मराठीत विचारावं आणि उत्तर इंग्लिशमध्ये यावं, हे रोजचंच.

"ममा, लुक!" याएल खुर्चीवरून उतरत म्हणाली. "ही हॅज अ किप्पा! लाइक पप्पा!"

आतली नट काढायची बंदूक नेमकी त्याच क्षणी थांबली. खोलीत दुसरा आवाजच उरला नाही.

शेबानं तिचं मनगट धरलं. "गप्प."

याएलनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. हा चेहरा तिला माहीत होता. बालवाडीत कुणी हल्लेखोर शिरला तर, याचा सराव म्हणून अधूनमधून दिवे बंद करून सगळ्या मुलांना कपाटामागे बसवत. बाई सांगत, आता आपण उंदीर व्हायचं, उंदीर कसे, अजिबात आवाज करत नाहीत. याएल घरी बाहुल्यांनाही उंदीर करायची.

"आर वी बीइंग माइस?" तिनं कुजबुजत विचारलं. "इज देअर अ बॅड गाय?"

"काय म्हणाली ती?" त्या माणसानं विचारलं. हसू होतं अजून, पण जागच्या जागी थिजलेलं.

"पाणी," शेबा म्हणाली. "पाणी हवंय तिला."

"आय डोन्ट वॉन्ट वॉटर," याएल म्हणाली.

म्हातारा उठला. कोटाची बटणं लावत तो त्यांच्यासमोर आला आणि याएलकडे वाकून हळू इंग्लिशमध्ये म्हणाला, "म्हातारे सगळे सारखेच दिसतात, बाळ. तुझ्या पप्पांची टोपी वेगळी असणार." शेबाकडे त्यानं रस्त्यात भेटलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मग दार ढकलून बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला.

शेबाच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. त्याला सगळं कळलं होतं. त्या माणसाची नजर बरोबर ओढून घेऊन तो बाहेर गेला होता. ऊबदार खोली आणि तिचं लपणं, दोन्ही त्यानं तिला देऊन टाकलं होतं.

"अरे, कुठे चाललास? बोलणं कुठे संपलंय आपलं?" तो माणूस कप घेऊन त्याच्या मागोमाग निघाला.

बसून राहायचं. फक्त बसून राहायचं. चाकं लागतील, आपण घरी जाऊ, याएल सुरक्षित राहील. शेबा मनाला बजावत राहिली. काचेतून दिसत होतं सगळं. म्हातारा भिंतीला टेकलेला, दुसरा त्याच्या अगदी अंगावर गेलेला, बोट त्याच्या कपाळापाशी. मग ते बोट वर गेलं, आणि किप्पा उडून खालच्या काळ्या चिखलात पडला.

"ममा." याएलचे डोळे मोठे झाले. "इट फेल. पप्पाचा पडला तर आपण त्याला पापी देतो. कोण देणार?"

किती दिवसांनी तिच्या तोंडून मराठी आलं होतं.

शेबा उठली. "काकू, याएलला धरा."

"अगं, अशा थंडीत कुठे निघालीस? कोण लागतो तुझा तो?"

"आमच्यातला आहे, काकू. आम्ही ज्यू आहोत."

काकूंनी हातातल्या बिस्किटाच्या पुड्याकडे पाहिलं. काचेकडे पाहिलं. मग कानटोपी खाली ओढली आणि याएलचा हात धरला.

"मग उभी काय राहिलीस? चल."

बाहेर थंडी गालांना चावत होती. अशा प्रसंगी काय बोलायचं, ते शेबानं भांडी घासताना किती वेळा मनात घोकून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. ती वाकली, चिखलातला किप्पा उचलला, स्वेटरला पुसला, ओठांना लावला.

"आम्हीपण ज्यू आहोत," ती म्हणाली.

"तुम्ही?" तो माणूस खरंच गोंधळला. "तुम्ही तर इंडियन आहात."

"तेपण आहोत."

"यू!" मागून काकूंचा आवाज आला. "ही इज ओल्ड मॅन! शेम नाही वाटत? यू गो! आय कॉल माय सन!" त्यांनी फोन तलवारीसारखा वर धरला होता. उलटा.

तो हसला. हसताना त्यानं कॉफी बर्फावर ओतली, शेबाच्या बुटांपासून जरा लांब. तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं, मग काचेतून जॅकवरच्या गाडीकडे. "निळी," तो म्हणाला. "लक्षात राहील." आणि आपल्या ट्रककडे चालता झाला.

शेबानं म्हाताऱ्याला किप्पा दिला. पण तो त्याला डोक्यावर नीट बसवता येईना. याएल काकूंचा हात सोडवून पुढे झाली आणि तिनं आपले दोन्ही पंजे त्याच्यापुढे धरले. याएलच्या आजीनं व्हिडिओ कॉलवर शिकवलेली हातबोशी होती ती. शुक्रवारी आजी तिकडून स्क्रीनवर हात टेकवायची आणि याएल इकडून. म्हाताऱ्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं शेबाकडे पाहिलं.

"तिचे हात हातात घ्या," शेबा म्हणाली. "सोडले की आपली बोटं ओठांना लावायची. आमच्याकडे असं भेटतात."

त्यानं तसं केलं.

"शब्बाथ शालोम!" याएल शुक्रवारी आजीला म्हणते तसं मोठ्यानं म्हणाली. भर रस्त्यावर. तिच्या तोंडावर ठेवायला शेबाचा हात उठला आणि मध्येच राहिला.

काउंटरवरची बाई बाहेर आली. पोलिसांना फोन करू का, असं आता विचारू लागली. "करा," म्हातारा म्हणाला. "मी थांबतो. यांची गाडी आधी द्या. यांना अंधाराच्या आत घरी पोचायचंय."

गाडी रस्त्याला लागली तेव्हा आभाळ शिशासारखं झालं होतं. काकू मागे याएलशेजारी बसल्या होत्या.

"म्हणजे ते उदबत्तीचं घर नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. आत प्रार्थना असते, गुंडाळून ठेवलेली."

"अगं बाई. मी एकदा त्यात उदबत्ती खोचणार होते."

शेबा हसली, पण डोळे आरशात होते. मागे कुणाचे तरी उंच दिवे लागले होते. ट्रक असावा. तोच की दुसरा, बर्फातून कळत नव्हतं. नेहमीचं वळण आलं तसं तिनं घेतलं नाही. पुढचं घेतलं. दिवेही वळले.

"शेबा," काकू म्हणाल्या. "मघाशी बिस्किटावरून मी तुला जे म्हणाले ना..."

"असू दे, काकू."

"असू कसं दे?"

सिग्नल हिरवा झालेला शेबाला दिसलाच नाही. ती आरशातच बघत होती. कुणीतरी हॉर्न मारला. याएल झोपेला आली होती. तिनं दचकून डोळे उघडले.

काकूंनी एक हात याएलच्या पोटावर ठेवला. दुसऱ्या हातानं कानटोपी कानांवरून वर सारली आणि पट्टा ताणून त्या मागच्या काचेकडे तोंड करून वळल्या.

"तू पुढे बघ," त्या म्हणाल्या. "मागे मी बघते."