ओकुनासेत कोंबडा आरवत नाही

"कुठाय रे आपला मासा?"

बसच्या पायरीवरूनच कुमाकिचीने आभाळाकडे पाहत विचारलं. त्याच्या एका हातात कापडी पिशवी होती, दुसऱ्याने दांडा धरलेला. मागे कंडक्टर मुलगी ताटकळली होती.

"आधी उतरा तरी, आबा," तेत्सुजी म्हणाला. त्याच्या कडेवर दीड वर्षाचा मोरिओ होता.

मुलांच्या सणाचा दिवस होता. खालच्या खोऱ्यात ज्या ज्या घरी मुलगा, त्या त्या घरावर उंच काठीला रंगीत कापडी मासे फडफडत होते. कुमाकिची ते बघत बघतच वर आला होता. ओकुनासेच्या आभाळात मात्र देवदारांच्या शेंड्यांवर गरम झऱ्यांची वाफ तेवढी होती.

"वारा नव्हता. उतरवून ठेवला."

कुमाकिचीने देवदारांकडे पाहिलं. शेंडे चांगले डोलत होते.

"बरं," तो म्हणाला. मग त्याने नातवापुढे मान नेली, गाल फुगवले आणि खणखणीत आवाजात आरवला, "कुकूऽच कू!"

मोरिओ खिदळला. तेत्सुजीने चटकन रस्त्याकडे पाहिलं.

"हळू, आबा."

"का? झोपलंय का कुणी?"

"तसं नाही. पिशवीत काय आहे?"

"अंडी. तुझ्या आईनं भुशात बसवून दिलीत. दोन बस बदलल्या, पण एक फुटू दिलं नाही."

तेत्सुजीने पिशवी घेतली. जवळच त्याची पंपदुरुस्तीची गाडी उभी होती. सीटखाली पिशवी सरकवून त्याने वर तेलकट फडकं टाकलं. "उन्हात नासतील," तो म्हणाला.

"गाडीत कमी नासतात होय?" म्हणत कुमाकिची हसला. मग त्याने मुलाचा चेहरा पाहिला आणि हसणं आवरलं.

सहा वर्षांपूर्वी तेत्सुजी या गावात आला तो किनुगासांच्या पाहुणेघराचा पंप बसवायला. घरात एकुलती एक मुलगी, मित्सुए. तो घरजावई झाला, त्यांचं आडनाव त्याने घेतलं. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, वडील काय करतात? या गावात कुणी कोंबडी पाळत नाही हे तोवर त्याला कळलं होतं. तो म्हणाला, धान्याचा व्यापार. समुद्राकाठच्या गावातल्या आपल्या परसात तीनशे कोंबड्या आहेत आणि बाप सायकलवरून दारोदार अंडी विकतो, हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. लग्न खालच्या शहरात झालं. आईबाप जेवले आणि परत गेले. त्यानंतर बापाला इथे यायला त्याने कधी सांगितलं नव्हतं. आज तो आपणहून आला होता.

घरी सासरे सुकेताका दारात येऊन उभे होते. ताठ कणा, अंगावर घराण्याचं चिन्ह असलेला काळा झगा. त्यांनी पाहुण्याला बैठकीत वरच्या जागी बसवलं. मित्सुएने भाजलेले नदीतले मासे, लाल चवळीचा भात आणि पानात गुंडाळलेले तांदळाचे गोड उंडे मांडले. कुमाकिची गुडघे मोडून अवघडून बसला होता. नखांतली राखाडी रेघ घासूनही गेली नव्हती. तेत्सुजीला ती एवढ्या लांबून दिसत होती.

"व्याहीबुवा, धान्याचा व्यापार कसा काय चाललाय?" सुकेताकांनी विचारलं.

कुमाकिचीच्या जेवायच्या काड्या भातात थांबल्या. तो मुलाकडे वळला नाही.

"बरा आहे, साहेब. हल्ली खाणारी तोंडं वाढलीत. पहाटेपासून ओरडायला लागतात."

सुकेताका मोकळेपणाने हसले. तेत्सुजीचे कान तापले. त्याने मोरिओला भरवायला घेतलं, म्हणजे खाली बघता आलं.

जेवण होत आलं तसे सुकेताका घराण्यावर आले. प्रत्येक पाहुण्याला ते सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली येई, कारण त्यांच्या दृष्टीने ही बढाई नव्हती.

"आमचा मूळ पुरुष कान्मू सम्राट. त्यांच्या पणतवाला राजघराण्यातून वेगळं काढलं, ताइरा हे आडनाव दिलं. आम्ही त्यांचे. मी सदतिसावी पिढी, मोरिओ एकोणचाळिसावी. पुढं मिनामोतो घराण्यानं आमची धूळधाण केली. तेही दुसऱ्या एका सम्राटाचेच वंशज."

"म्हणजे मारणारे सम्राटाचे अन् मरणारेही सम्राटाचेच?" कुमाकिचीने विचारलं.

मित्सुएला हसू आलं, ते तिने बाहीत दाबलं. सुकेताकांनी मान डोलावली. "तसंच म्हणायचं," ते म्हणाले. "जे वाचले ते या डोंगरात लपले. एका घरी मुलगा झाला. आनंदाच्या भरात बापानं निशाण उभारलं, खालून शत्रूनं पाहिलं. उरलेले आणखी वर पळाले, तर कोंबडा आरवला आणि पुन्हा ठिकाण कळलं. तेव्हापासून या गावात मुलाच्या सणाला घरावर काही चढवत नाहीत, कोंबडं पाळत नाहीत. आठशे वर्षं झाली. कुणी मोडलं नाही."

बाप आता काय बोलतो याची तेत्सुजी वाट पाहत होता. गेल्या वर्षी टेलिफोनवर त्याने बापाला सांगितलं होतं, तुम्ही टपालाने पाठवलेला मासा फार शोभतो, पार पुलावरून दिसतो, लोक थांबून बघतात. बापाने ते अंडी विकता विकता सगळ्या गल्लीत सांगितलं होतं.

"हो," कुमाकिची म्हणाला. "पोरानं आम्हाला आधीच सांगितलं होतं. पद्धत म्हणजे पद्धत."

"जावई समजूतदार आहेत," सुकेताका म्हणाले. "आपलेच संस्कार."

कुमाकिचीने चटईला कपाळ टेकवून नमस्कार केला. तेत्सुजीला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण मांडीवर मोरिओ होता.

परतीच्या बसला अवकाश होता तरी कुमाकिची उठला. दाराबाहेर येऊन हळूच म्हणाला, "ते माशाचं पुडकं दे. आमच्या शेजारच्या सुतारांच्याकडं नातू झालाय. तिथं तरी फडफडेल."

तेत्सुजीने ते कोठीतून आणलं. तपकिरी कागद, वर सुतळी. थांब्याच्या बाकावर बसून कुमाकिचीने पुडकं मांडीवर घेतलं आणि अंगठा गाठीवर फिरवला. खुराड्याच्या जाळीला तो मारायचा ती दुहेरी गाठ होती. त्याची त्यानेच मारलेली.

मासा चढवायचा नाही ही गावाची पद्धत होती. पुडकं सोडायचं नाही असं गावाने सांगितलं नव्हतं.

"आबा, मी..."

"असू दे. मला माहीत होतं." त्याने दातांनी गाठ सैल केली. घडी घातलेल्या माशाच्या पोटात हात घालून त्याने एक निळा अंगरखा काढला. हातशिलाईचा, तान्ह्या बाळाच्या मापाचा. "तुझ्या आईनं घातला होता आत. वर्षभर तू माशाचं कौतुक सांगितलंस, अंगरख्याचं एकदाही काही बोलला नाहीस. तेव्हाच समजलो."

तेत्सुजीने मोरिओला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"म्हटलं, एकदा जाऊन बघावं, पोराला आमचं एवढं काय नडतंय."

त्याने अंगरखा मोरिओच्या अंगाला लावून पाहिला. बाही कोपराशीच संपली. पोराने ती तोंडात घातली. कुमाकिचीने ती हळूच सोडवून घेतली, घडी घातली आणि माशाच्या पोटात परत ठेवली.

"आईला मी सांगितलंय, अगदी बरोबर बसला म्हणून. विचारलं तर तूही तेच सांग. बाहीचं विचारेल ती. बाही जरा लांब झाली म्हण, म्हणजे तिला खरं वाटेल."

"आबा, पुढच्या वेळी मी मोरिओला घेऊन तिकडे..."

"ये की. खुराडं दाखवू त्याला."

बस आली. कुमाकिचीने सुतळीला पुन्हा तीच गाठ मारली, पुडकं काखेत घेतलं आणि चढला. खिडकीशी बसून त्याने काच खाली केली. तेत्सुजीने मोरिओचा हात धरून हलवला.

आजोबा दिसताच मोरिओला काहीतरी आठवलं. त्याने गाल फुगवले, मान उंचावली आणि सगळा जीव एकवटून आरवला.

"कुकूऽच कू!"

वरच्या घराचं सरकतं दार वाजलं. तेत्सुजीला काही कळायच्या आत त्याचा पंजा पोराच्या तोंडावर गेला होता. तळव्याखाली इवलेसे ओठ अजून हलत होते.

त्याने मान वर केली. कुमाकिची खिडकीतून पाहत होता. त्याने काच वर घेतली. मग काचेआडून, परक्या घरच्या माणसांना करतात तसा, सावकाश, कमरेत वाकून नमस्कार केला.

बस पुलापलीकडे वळली. तेत्सुजीने हात काढला. मोरिओ गप्प होता.

गाडीत सीटखाली अंडी तशीच होती.