पेठेचा एकच माणूस

गेल्या खेपेला म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत पेठेतून दोघं उभे राहिले, मतं फुटली आणि शेजारच्या पेठेचा माणूस निवडून आला. म्हणून या वेळी आधी तालमीत बसायचं, हात वर करून एकच नाव नक्की करायचं आणि मग सगळ्या पेठेनं त्याच्या मागं उभं राहायचं, असं ठरलं. नावं दोन होती. गुळाचे अडते गणपतराव आणि नबीलाल गवंडी.

तालमीच्या आकाराम वस्तादांपुढं प्रश्नच नव्हता. ते जिकडं हात करतील तिकडं निम्मी पेठ करणार, आणि त्यांचा हात गणपतरावांचा हे तेरा वर्षांपूर्वीच ठरलेलं. प्लेगच्या साली सगळं शहर माळावर झोपड्या घालून राहिलं, तेव्हा वस्ताद कुस्तीसाठी जमखंडीला गेले होते आणि नाकेबंदीत तिकडंच अडकले. परतले तेव्हा आईला जाऊन नऊ दिवस झालेले. गाठ आलेल्या बाईजवळ भाऊबंद फिरकले नव्हते. शेजारच्या झोपडीतल्या गणपतरावांनीच तिचं सगळं केलं, असं कुणीतरी सांगितलं. वस्तादांनी त्याच पावली जाऊन त्यांचे पाय धरले. तेव्हापासून दसऱ्याचं पहिलं सोनं त्यांच्या घरी.

बैठकीच्या दुपारी वस्ताद निघाले, तर गल्लीच्या तोंडाला धोंडुबाईनं त्यांना थांबवलं. त्यांच्या आईची ही जिवाभावाची मैत्रीण. आता डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. कुणाच्या बाजूनं जाणार, असं तिनं विचारलं. गणपतरावांनी आईचं केलेलं विसरून कसं चालेल, असं वस्ताद म्हणाले.

धोंडुबाईनं चाचपडत त्यांचा हात धरला. मग म्हणाली, "गाठ दिसली तशी गणपतराव दुसऱ्याच दिवशी झोपडी सोडून गेलता. तुझ्या आईला चार दिस पाणी पाजलं नबीलालनं. लाकडं त्यानंच वाहिली. अग्नीबी त्यानंच दिला. मी लांबनं बघितलं. जवळ जायची माझीबी छाती झाली न्हाई."

वस्तादांनी भिंतीला हात टेकला. इतकी वर्षं का सांगितलं नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

"तिनंच शपथ घातलती आमा दोघांस्नी, मला लांबनंच हाक मारून. मुसलमानाच्या हातचं पाणी प्याली म्हणून भाऊबंद तुला वाळीत टाकतील, ह्येच भ्या तिला. आता माझं काय ऱ्हायलंय? म्हणून बोलले."

तालमीपर्यंत आपण कसे पोहोचलो ते वस्तादांना कळलं नाही. बाहेरच्या कट्ट्यावर गणपतराव बसले होते. वस्तादांनी त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते विचारलं. गणपतरावांनी नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं, असं वस्तादांना क्षणभर वाटलं.

"मी केलं असं मी कधी म्हटलं न्हाई," गणपतराव खाली बघत म्हणाले. "तुमी पाया पडला. मी पाय मागं घेतला न्हाई. एवढंच."

नबीलाल आत खांबाला टेकून बसला होता. वस्ताद त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून नबीलालला काय ते उमगलं. धोंडुबाई बोलली का, असं त्यानं हळूच विचारलं. वस्तादांनी नुसती मान हलवली.

"मग एक ऐका, वस्ताद," नबीलाल म्हणाला. "म्हातारीसाठी हात वर करू नगा. ते तिच्यासाठी केलतं. त्याचं मत करू नगा."

हा दुसरा तडाखा पहिल्यापेक्षा जोराचा बसला. वस्ताद तिथंच कुस्तीच्या हौद्याच्या काठाला बसले.

दोघं बोलायला उभे राहिले. गणपतराव बाजाराचा रस्ता रुंद करायचं चांगलं बोलले. नबीलालनं खालच्या गल्लीचं गटार विहिरीत कुठं झिरपतं, कुणाच्या परसात किती फूट खणावं लागेल, हे घरागणिक सांगितलं. वस्ताद ऐकत होते आणि मनातून चरकत होते. त्याच गल्लीत ते जन्मले, त्याच विहिरीचं पाणी प्यायले. आणि या माणसाला काय म्हणायचंय ते त्यांनी आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

नबीलालचं नाव पुकारलं तेव्हा बरेच जण वस्तादांकडं बघत होते. त्यांचा हात लगेच उठला नाही. उठला तेव्हा तालमीत कुजबुज झाली आणि मागून एकेक हात वर गेला. सात हातांनी नबीलाल पुढं राहिला.

गणपतराव उठून सरळ नबीलालपाशी गेले, पेठ तुमच्या मागं उभी राहील असं म्हणाले आणि पागोटं सावरत बाहेर पडले. वाटेत वस्ताद बसले होते. त्यांच्याकडं त्यांनी बघितलं नाही.

माणसं पांगली. संध्याकाळी पैलवान कसरतीला आले, तर वस्ताद अजून हौद्याच्या काठाला तसेच बसलेले. आज जोर-बैठका न्हाईत, घरी जावा, असं त्यांनी सांगितलं. कारण विचारायचा धीर कुणाला झाला नाही.