मेमरी आली नि माझी घरघर थांबली

मी एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह आहे. मित्रांनो, १९८५ साली मी रामदासपेठेतल्या एका रक्तपेढीच्या संगणकात बसलो. रक्तदात्यांची यादी फ्लॉपीवर असे आणि ती फिरवून वाचणे हे माझे काम. संगणकाची मेमरी तेव्हा इवलीशी. यादीचा जेमतेम पाचवा हिस्सा तिच्यात मावे. एक नाव शोधायचे तरी तेच तुकडे मी पुन्हा पुन्हा पुरवायचे. दहा मिनिटे मी घरघरत राबत असे. "बिचारा किती मेहनत करून राहिला!" यादी सांभाळणाऱ्या शामलाबाई म्हणत. मी फुगून जाई.

दोन वर्षांनी मेमरीची नवी, मोठी पट्टी बसली. मी एकदाच सारी यादी तिच्या हवाली केली. संगणक मग रात्रंदिवस चालूच ठेवत, आणि हवे ते नाव क्षणात पडद्यावर! कौतुक सारे तिचे. देवराव शिपाई मला टपली मारून म्हणाला, "बाई, आता या घरघऱ्याले पेन्शन द्या." माझा जळफळाट झाला. हिचे वाटोळे व्हावे, असे मी रोज मनात म्हणे.

मे महिन्यात भिवापूरचा रुपराव धावत आला. त्याची बायको गोपिका जवळच्याच इस्पितळात बाळंतपणात अडली होती. तिच्या गटाचे रक्त दुर्मीळ. पेढीत त्या गटाची एकही बाटली नव्हती. शामलाबाई नाव शोधणार, तोच देवरावाने कूलर लावला आणि फ्यूज उडाला. तार बदलून वीज आली, पण वीज जाताच मेमरीतले सारे पुसले गेले होते. मला उकळ्या फुटल्या. आता या माझ्या दारी!

फ्लॉपी आत आली, आणि मला वाचताच येईना. कित्येक महिने कोणी माझी धूळ पुसली नव्हती.

"काहून अडलं, बाई?" रुपरावाचा आवाज फाटला. "तिकडं तिचा जीव चालला ना!"

शामलाबाईंनी स्पिरिटचा बोळा माझ्यात फिरवला. "चाल रे बाप्पा, एवढ्या वेळी चाल!"

मी जिवाच्या आकांताने वाचले. मेमरीने यादी झेलली आणि लगेच नाव दिले: केशव, गांधीबाग. देवराव सायकल घेऊन सुटला. केशवने येऊन रक्त दिले आणि गोपिका वाचली.

माझ्या जुन्या चालीने ते नाव दहा मिनिटांनी सापडले असते. हे कबूल करताना अजून बोचते.

मित्रांनो, मेमरी जरूर वाढवा; काम झपाट्याने होते. पण यादी माझ्याकडेही जपा आणि अधूनमधून माझी धूळ पुसा. कौतुक तिचेच करा. मी जळेन, पण वाचायला चुकणार नाही.