काखेतली सिद्धी

चित्रपटगृहामागच्या पटांगणात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर महाराज डोळे मिटून बसले होते आणि निवृत्त कंपाउंडर त्यांचं मनगट चाचपत होता.

"थांबली," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "नाडी थांबली."

नाडी थांबलेले महाराज तोंडभर हसले. "नाडी माणसाला असते, बाळांनो. जो नाडीच्या पलीकडे गेला तो अ-नाडी. आम्ही अनाडी आहोत."

"अनाडी महाराज की जय," गर्दी गरजली. मागच्या रांगेत शिंपीणमावशीला हसू आवरेना. तिच्या लेखी नाडी म्हणजे पायजम्याची, आणि ती नसली की माणसाची काय शोभा होते हे तिला धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं.

तिच्या शेजारी उभी असलेली भाची मात्र हसत नव्हती. मावशीला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि कापड कापता कापता पोरीचा डावा हात भरून यायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेजारणीने "एकदा दाखवून तर बघ" म्हणून दोघींना ओढून आणलं होतं.

भाचीला मंचावर नेलं तेव्हा कंपाउंडरने तिचं डावं मनगट धरलं. मग पुन्हा धरलं. "हिलाही नाही."

आता दचकायची पाळी महाराजांची होती. पण गडी मुरलेला. "पाहिलंत? नुसत्या दर्शनाने अर्धी सिद्धी. डावीकडून सुरुवात झालीय. हिला इथेच राहू द्या. औषधाचा थेंब गेला तर सिद्धी नासेल."

"सिद्धी आलीय तर हात का दुखतो?" मावशीने विचारलं.

"जुनं शरीर जळतंय, माई."

"मग तुमचं कसं नाही जळत? चांगलं बाळसं धरलंय."

लोकांनी तिला गप्प केलं. तेवढ्यात भाची हळूच म्हणाली, "मावशी, राहू का इथे? दुखण्यापेक्षा सिद्धी बरी." मावशीने तिचा उजवा हात धरून तिला गर्दीतून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तिने भाचीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या काळी सोनोग्राफी पोटातलं बाळ बघायलाच करतात अशी समजूत, त्यामुळे गल्लीत नको ती कुजबुज झाली. भक्तमंडळीही महाराजांना घेऊन मागोमाग आली. "यांचीही काढा. यंत्रच बंद पडेल."

डॉक्टरीणबाईंनी भाचीच्या मानेवर नि काखेत गार मलम लावून यंत्र फिरवलं. "ही रक्तवाहिनी. मधलं काळं दिसतंय ती रक्ताची वाट. तिची भिंत सुजून जाड झालीय, वाट उरलीय जेमतेम. मनगटापर्यंत ठोका पोचणार कसा?"

"म्हणजे नेफा आतून सुजला आणि नाडी सरकेना," मावशी म्हणाली.

"अगदी तसंच. आता महाराज, तुम्ही."

"आमची सिद्धी यंत्रात मावत नाही."

"महाराज, दाखवाच," म्हणत भक्तांनी त्यांना टेबलावर चढवलं. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं. "चांगली ठणठणीत आहे. थांबवा बघू." महाराजांनी दंड अंगाशी आवळला. ठोका गेला. "छान. तसाच हात वर करा, काखेत बघायचंय."

"सिद्धपुरुष हात वर करत नाही."

कंपाउंडरने भक्तिभावाने तो उचलला. झग्यातून रबरी चेंडू निसटला आणि उड्या मारत टेबलाखाली गेला.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे अख्खं गावच त्या काखेला वळसे घालत होतं.

"दंडाने चेंडू दाबला की रक्तवाहिनी दाबली जाते आणि मनगटावरचा ठोका जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदय आपलं चालूच असतं. यांची वाट बाहेरून दाबलेली, हिची आतून बुजत चाललेली. हिला मंचावर बसवून ठेवलं असतं तर उद्या डोळे गेले असते, मेंदूवरही बेतलं असतं."

महाराज मागच्या दाराने गेले.

मोठ्या दवाखान्यात भाचीच्या छातीचं स्कॅन झालं. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनीही सुजली होती. गोळ्या सुरू झाल्या, काही महिन्यांत दुखणं थांबलं, आणि पोरगी गोळ्या बंद करायला निघाली. "आता काही होत नाही मला."

"महाराजांचीच कृपा," शेजारीण म्हणाली.

"असेल. पण आत काय चाललंय ते बघू दे," म्हणत मावशीने भाचीला पुन्हा स्कॅनला बसवलं. मानेतली सूज उतरली होती, छातीतली मात्र होतीच.

"बरं वाटणं आणि बरं होणं या दोघी बहिणी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक दारात आली म्हणून दुसरीही आली असं समजू नये."

घरी येऊन भाचीने मुकाट्याने गोळी घेतली. मावशीने पाण्याचा पेला पुढे केला.

दुखण्याला कारण असतं. ते सापडेपर्यंत विचारत राहावं, आणि बरं वाटलं तरी एकदा आत डोकावून खात्री करावी. एवढ्याला कुठली सिद्धी लागत नाही.